बिब्याच्या चार खुंट्या आणि नवरदेवाचा गोल

मुक्काम पिपरटोला (सध्या मैदानावर)

आदरणीय समधीजी श्री. बिसरामजी राहांगडाले यांस,

ज्या माणसाने आपल्या दोन हातांनी भात उडवायचा पंखा, सायकलच्या चेनवर फिरणारा पाण्याचा रहाट, शाळेची घंटा (मूळचा रुळाचा तुकडा, पण आवाज मी घासून घासून आणला), धूर परभारे छपराबाहेर टाकणारी चूल, तुमच्या ओसरीतला तो न कुरकुरणारा लोखंडी झोपाळा, फुटबॉलचे दोन गोल, त्यांच्या जाळ्या, चुन्याची रेघ टाकणारी तीनचाकी गाडी आणि पितळी शिटी (आत बोराची बी) हे सगळं कोणाच्या हाताखाली न शिकता बनवलं, त्या पुरनलाल टेंभरेचा तुम्हाला आणि समधीनबाईंना हात जोडून रामराम. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? समधीनबाईंची शुगर ताब्यात असेल. नवतप्याचं ऊन यंदा वाईट आहे, दुपारचं बाहेर निघू नका, निघालात तर कान बांधून निघा. चि. सोनिकाला आशीर्वाद. आमच्याकडे सर्व कुशल आहे असं इथे लिहायची रीत आहे, पण जे नाही ते लिहायची मला सवय नाही, म्हणून एवढंच लिहितो की सगळे जिवंत आहेत आणि दोन वेळा जेवतात.

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मांडव घातलेला, बुंदी पाडलेली, पाहुणे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले, आणि वरात आलीच नाही. गोरज मुहूर्त टळला. मी तुमच्या जागी असतो तर मीही फोन उचलला नसता. पण तुमच्याकडे ज्या गोष्टी पसरल्या असं कानावर आलं त्या तेवढ्या खोट्या आहेत. मुलगा पळाला नाही. आम्हाला दुसरी मुलगी मिळाली नाही. मी काही मागणी केली आणि तुम्ही ती मानली नाही, असंही काही झालं नाही. खुमेंद्रला सोनिकाशीच लग्न करायचं आहे, आम्हालाही तीच सून हवी आहे, आणि हे लग्न मोडू नये एवढ्याचसाठी हे पत्र आहे. खरं तर मी स्वतः येऊन तुमच्या पायरीवर बसायला हवं होतं. सडक अर्जुनी काही विलायतेत नाही. पण मला येता येत नाही, आणि का येता येत नाही ते मी क्रमाने सांगणार आहे. शेवट आधी सांगणाऱ्या माणसाचं काम मला आवडत नाही.

माता माय चषकाची फायनल मार्चमध्येच व्हायची होती. आधी गारपीट आली, मग परीक्षा आल्या, मग बोरीटोल्याच्या गोलकीपरला कांजिण्या आल्या, आणि उरली ती एकच तारीख, लग्नाच्या दिवसाची सकाळ. मी म्हटलं, उन्हं चढायच्या आत सामना उरकतो, दुपारी वरात निघते, अडचण काय? अडचण खुमेंद्रच्या आईला होती. हळद लागलेला नवरदेव घराबाहेर पडत नाही, पडला तर लोखंड जवळ ठेवतो, हे तिचं म्हणणं. ते मी मान्य केलं आणि अडकित्ता कापडात गुंडाळून खुमेंद्रच्या डाव्या मोज्यात बांधून दिला. (मोजा मी विणलेला नाही, विकतचा आहे.) खुमेंद्र हा आमच्या संघाचा पुढचा खेळाडू, त्याच्याशिवाय आमचा संघ म्हणजे बिनबैलाची बंडी. शिवाय त्याने सोनिकाला फोनवर सांगून ठेवलं होतं की एक गोल मारतो आणि तसाच मांडवात येतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी फरक पडला नसता, पण ते पुढे.

मैदान माझ्याच भाताच्या दोन बांध्यांचं आहे, चोरखमाऱ्याच्या कालव्याचं पाणी ज्या शेवटच्या टोकाला येता येता दमतं तिथलं. उन्हाळ्यात मधला बांध फोडून मी ते सपाट करतो, पाण्याची नळी लावून पातळी बघतो. पंच मीच असतो. फुटबॉलचे नियम मी गोंदियाच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका पुस्तकातून आणि आवाज बंद करून पाहिलेल्या सामन्यांतून शिकलो (बोलणारे चुकीचं सांगतात). आता त्या दिवशी पहाटे मी गोल उभे केले, जाळ्या लावल्या, आणि कोपऱ्यांच्या झेंड्यांचे बांबू आणायला गेलो तर ते घरच्या मांडवाला लागलेले. आमच्या साळ्याने रात्रीच ते छताला बांधून टाकले होते. झेंड्याशिवाय कोपरा आणि कोपऱ्याशिवाय मैदान मी मानत नाही. माझ्या दुकानात त्या वेळी चार खुंट्या पडून होत्या.

त्या खुंट्या कोणत्या, हे सांगतो. गावबांधणी तुमच्याकडेही होते, आमची रीत जरा वेगळी आहे. पेरणीच्या आधी एक दिवस आमचे गावपुजारी इतवारी भुमक गावाच्या चार कोपऱ्यांना बिब्याच्या लाकडाच्या चार खुंट्या ठोकतात. उगवतीकडून सुरू करतात, उजव्या हाताने फेरा घेतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत पांढरी रेघ ओढतात. दिवस मावळेपर्यंत गावातला माणूस रेघेबाहेर जात नाही, आणि ज्याने ठोकल्या त्यानेच त्या काढायच्या. दरवर्षी ते नव्या खुंट्या माझ्याकडे लोखंडी टोक बसवायला आणून देतात. त्या कामाचं मी काही घेत नाही, त्यावर विश्वासही ठेवत नाही, टोक मात्र सुताला सूत बसवतो. तर मी त्या चार खुंट्या उचलल्या, वर लाल कापड बांधलं, आणि मैदानाला ठोकल्या. सुरुवात उगवतीच्या कोपऱ्यापासून केली, कारण नंतर सूर्य डोळ्यांवर येतो. उजवीकडून गेलो, कारण माझा हात उजवा. बोललो नाही, कारण सुताचं टोक मी दातांत धरतो. आणि मग गाडीने चुन्याची रेघ टाकली. समधीजी, मी फक्त काटकोन जुळवत होतो.

शेवटची खुंटी बसली तेव्हा मैदानाच्या मधोमध अंडी घालून बसलेली टिटवी उठली आणि ओरडत नव्हे, गुपचूप निघून गेली. टिटवी गुपचूप उडाल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हा ते मी बारकाईचं निरीक्षण म्हणून मनात ठेवलं, अर्थ लावला नाही.

बोरीटोल्याचे लोक उशिरा आले. ट्रॉलीची पिन तुटली म्हणे (मी नंतर पाहिली, वेल्डिंग पातळ होतं). तोपर्यंत ऊन असं तापलं की गोलच्या खांबाला हात लावला तर कातडी चिकटावी. त्यांचा कप्तान टिंकू, मेडिकलवाला, स्वभावाने वाईट नाही, पण त्याची जीभ त्याच्या पायांच्या आधी पळते. आल्या आल्या त्याने दोन हरकती घेतल्या. एक, नवरदेवाच्या मोज्यात हत्यार आहे. दोन, पंच नवरदेवाचा बाप आहे. पहिल्या हरकतीवर मी अडकित्त्याभोवती आणखी एक कापड गुंडाळायला लावलं. दुसरीवर म्हटलं की नियम जाणणारा दुसरा माणूस आण. तो आणू शकला नाही. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काका, पोराले आहेरात काय देऊन राहिले जी, पेनल्टी का?” लोक हसले. मीही हसलो असतो, पण शिटी तोंडात होती.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून भांडण सुरू झालं. कोणी कोणाच्या पायावर पाय दिला, कोणी ढकललं, दरवर्षीचंच. खुमेंद्रची हळद चेंडूला लागली, चेंडूची गोलकीपरच्या हाताला, हाताची शर्टांना, आणि पाहता पाहता दोन्ही संघ पिवळे झाले. बाहेरून कोणी ओरडलं की आज सगळ्यांचंच लगन दिसते. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. चेंडू बाहेर जात नव्हता. आधी मला अभिमान वाटला, म्हटलं मैदानाची पातळी इतकी साधली की चेंडू आतच राहतो. मग टिंकूने रागात एक फटका मारला, जो सरळ कालव्यात जायला हवा होता. चेंडू रेघेवर आला आणि मागे वळला. आदळला नाही, आवाज झाला नाही. दारात कोणी उभं दिसलं की माणूस जसा वळतो तसा वळला. बाजूच्या रेघेवर चेंडू आत फेकायला दोन पोट्टे मी खास उभे केले होते, ते अख्खा वेळ हात लोंबवून उभे राहिले. मधूनच एक वावटळ उठली, धूळ आणि पळसाची पानं घेऊन रेघेपर्यंत गेली, आणि रेघेच्या आतून आतून पूर्ण मैदानाला वळसा घालून आमच्या गोलसमोर बसली. आणि चुन्याची रेघ. बावीस जण तिच्यावरून घसरत होते, पाय घासत होते, आणि ती मी टाकली तशीच, काठ न मोडता. इतका चांगला चुना बाजारात मिळत नाही हे मला माहीत आहे.

मग टिंकूने आमच्या एका पोराला मागून पाडलं आणि मी लाल कार्ड दाखवलं. (पत्र्याचं आहे, ऑइलपेंट मारलेलं, दुरून चमकतं.) तो तोंड चालवत चालवत रेघेपर्यंत गेला आणि परत आला. मला तो माज वाटला. पुन्हा दाखवलं. पुन्हा गेला, पुन्हा आला. या वेळी त्याचं तोंड बंद होतं. घरून निघाल्यावर काही विसरलं की माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, पाय नाही निघून राहिला.” मी त्याला पाय मुरगळला असेल असं समजून बसवलं. आता वाटतं, तेव्हाच खेळ थांबवायला हवा होता. पण बरोबरी होती आणि फायनल होती.

शेवटच्या क्षणांत खुमेंद्रने गोल केला, अख्ख्या सामन्यात रेघेने सोडलेला तो एकच चेंडू. गोल सुंदर होता हे मी पंच म्हणून नाही, जाळी विणणारा म्हणून सांगतो. चेंडू जिथे लागला तिथली गाठ अजून सैल आहे. पण पास सुटला त्या घटकेला खुमेंद्र बोरीटोल्याच्या शेवटच्या माणसापेक्षा चार बोटं पुढे होता. मी त्या दोघांच्या सरळीत उभा होतो, मला दिसलं, आणि मी शिटी मारली. ऑफसाइड. मग जे झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. आमचं गाव माझ्यावर धावून आलं, बोरीटोल्याचे त्यांच्यावर धावून आले, बाहेरचे प्रेक्षक आत आले, ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही तेही आले, उपसरपंच शांत करायला म्हणून आले आणि आत आल्यावर स्वतःच बाह्या सरसावल्या. खुमेंद्र मात्र ओरडला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हळदीतून घामाचे ओघळ, आणि म्हणाला, “बाबूजी, आज तरी.” मी म्हणालो की ऑफसाइडच्या नियमात लग्नाचा उल्लेख नाही. तो वळला आणि गोलच्या खांबाला टेकून बसला.

तेवढ्यात घराकडून बँडचा आवाज आला. वरातीची बस लागली होती. भांडणारे म्हणाले, चला, आता वरातीला उशीर नको, बाकीचं आल्यावर पाहू. आणि निघाले. रेघेपर्यंत गेले. थांबले. सगळे एका ओळीत, पाय रेघेच्या आत, तोंड गावाकडे. एवढी माणसं एकदम गप्प झाली की ऊनसुद्धा ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कोणी जोर केला, कोणी पळत जाऊन पाहिलं. तो पळत गेला आणि पळतच परत आला, वळल्याचं त्याला कळलंही नाही. एकाने खुंटीला लाथ मारली, खुंटी जुन्या झाडासारखी हलली नाही. आणि याच वेळी खुमेंद्रची आई पाण्याची घागर घेऊन आली, रेघ ओलांडून आत आली, सगळ्यांना पाणी पाजलं, उन्हात कशाले उभे आहात म्हणून दोन शब्द सुनावले, आणि रेघ ओलांडून घरी गेली. एक शेळीही आली आणि गेली. त्या शेळीकडे उपसरपंचांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

इतवारी भुमकांना कोणीतरी घेऊन आलं. ते बाहेरूनच एका खुंटीशी बसले, तळवा ठेवला, मग कोणी ठोकल्या एवढंच विचारलं. मी पुढे झालो. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, “मालक, बांध लय पक्का बसला. माह्याच्यानं बी असा नाही बसत.” (खरं लिहितो, त्या वेळीही मला बरं वाटलं.) मग त्यांनी समजावलं. बांधणी गावाची असते तेव्हा तिच्यात गाव मावतं, शेतं, गुरं, देव, झाडं, म्हणून राग तिच्यात विरून जातो. मी बांधलं ते एवढंसं मैदान, आणि त्यात भरलं नुसतं भांडण. आता जो राग घेऊन आत आला तो राग असेतोवर बाहेर जाणार नाही. ज्याचा उतरेल तो जाईल. मी विचारलं, खुंट्या काढल्या तर? त्यावर त्यांनी गावाच्या छपरांकडे बोट दाखवलं. मी ठोकल्या म्हणून माझ्या हाताने त्या निघतील, पण आतलं भांडण मिटल्याआधी काढल्या तर ते घरोघर जाईल आणि मग कोणाच्याच हाताने निघणार नाही, असं म्हणाले. मी एका खुंटीला हात लावून पाहिला. ती दुधाच्या दातासारखी सैल होती. मी हात काढून घेतला.

मग माणसं एकेक करून सुटू लागली, आणि ते पाहणं अडकण्यापेक्षाही विचित्र होतं. पहिला टिंकू. पाणी पिताना त्याला आपला पिवळा हात दिसला, बायको विचारेल कोणाच्या लग्नात आडवा पडला होता, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि तो हसला. हसत हसत कोणाशी बोलत चालू लागला, आणि बोलता बोलता ट्रॅक्टरजवळ होता. रेघ कधी ओलांडली ते त्याला सांगता आलं नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा घाबरला. मग दुसरा, मग चौघे. ढोंग चालत नव्हतं. उपसरपंच हसत हसत रेघेपर्यंत गेले आणि हसत हसत परत आले. शेवटी ते थकून झोपले, उठले तर भांडण कशावरून होतं ते विसरले होते, आणि चप्पल शोधत शोधत बाहेर गेले. उन्हं कलली तेव्हा आत दोनच माणसं होती. खुमेंद्र आणि मी.

त्याला पोशाख आतच नेऊन दिला. बाशिंग बांधलं. बँड रेघेच्या पलीकडे येऊन उभा राहिला, बस चालू होती, खुमेंद्रची आई पलीकडून हात पुढे करून. तो चालत आला. मी मध्यवर्तुळातून पाहत होतो. त्याने पाय उचलला, आणि तो पाय तसाच राहिला, खाली येईना. वाजवणारे एकेक करून थांबले. खुमेंद्रने मला मागे न पाहता सांगितलं, “बाबूजी, पलीकडची जमीन दिसते, पण पायाले लागत नाही.” समधीजी, तुमच्याकडे पाहुणे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते तेव्हा इकडे असं चाललं होतं.

तेव्हापासून आम्ही इथे आहोत. घरचा मांडव उचलून आमच्या डोक्यावर आणून उभा केला आहे. खुमेंद्र गोलजवळ झोपतो, मी मध्यवर्तुळात. बोलणं त्याच्या आईमार्फत होतं. मी भुमकांना सांगून पाहिलं की मला राग नाही, मी फक्त बरोबर आहे. ते म्हणाले, “खुंटीले फरक नाही समजत जी.” रात्रीचं मी फार लिहीत नाही, तुमच्याकडे समधीनबाई हे वाचतील. एवढंच सांगतो की अंधार पडला की सुटून गेलेल्यांचं भांडण आत राहिल्यासारखं वाटतं. माणूस नसतो आणि त्याने टाकलेला शब्द रेघेच्या कडेकडेने फिरत असतो. त्यात माझाही आवाज असतो. तो ऐकून मला पहिल्यांदा कळलं की माझा आवाज मला वाटतो त्यापेक्षा कडक आहे.

श्री. छोटेलालजी, म्हणजे तुमचे साळे, सोनिकाचे मामा, लग्न मोडल्याचं सांगायला मोटारसायकलवर आले हे तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच पाठवलं असेल. त्यांना लांबून पाहताच मी उभा राहून ओरडलो की राग बाहेर काढून ठेवा, चपलेसारखा, आणि मग आत या. त्याने ते आणखी रागावले आणि गाडीसकट आत आले. त्यांना माझ्याजवळची खाट दिली आहे. प्रकृती उत्तम. पोळ्या आवडीने खातात. दिवसातून पुष्कळ वेळा गाडी चालू करून रेघेपर्यंत जातात आणि परत येतात. पेट्रोल संपत आलं आहे.

तर माझी हात जोडून विनंती अशी की लग्नाची नवी तारीख धरा आणि मुलीला घेऊन इकडेच या. वरात मुलाची निघते ही रीत मला ठाऊक आहे, पण रीत निघू शकत नसेल तिथे माणसांनी निघावं. मांडव उभा आहे. मुलीचा मामा मांडवात हजर आहे. फक्त येताना कोणीही मनात राग घेऊन येऊ नका, तुम्ही तर नाहीच. कळावे, आपला लोभ उरला असेल तो आम्ही जपून ठेवू.

आपला समधी,
पुरनलाल टेंभरे

ता. क. हे पत्र उमेंद्र दूधवाला आणेल. तो कॅन घेऊन मैदानातून रोज आरपार जातो, त्याला कधी राग आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. उत्तर त्याच्याच हाती द्या. छोटेलालजींच्या बीपीच्या गोळ्या आणि दोन लुंग्याही त्याच्याच हाती पाठवा.

ता. क. दुसरा. सोनिका खुमेंद्रशी फोनवर बोलते, हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. तिने त्याला विचारलं की गोल झाला की नाही. तो म्हणाला, बाबूजींना विचार. तिने मला विचारलं नाही. वाट पाहते एवढंच म्हणाली.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर याच्यासाठी. काल सकाळी खुमेंद्रच्या आईने माझा पंजा हातात घेतला, स्वतःचा त्याच्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, “तुमची बोटं जाड आहेत जी. माह्या बोटानं मोजा.” मी दोन्ही हात पाहिले. माप कोणाच्या बोटाचं धरायचं हे पुस्तकात दिलेलं नाही. शंका आली तर फायदा पुढे खेळणाऱ्याला द्यावा, हे मात्र आहे. पोराच्या अंगावरची हळद सुकून बांधीच्या मातीसारखी तडकली होती. मी उठलो, गोलकडे निघालो, आणि त्याला सांगणारच होतो की तो गोल होता. एवढ्यात सुटकेला उतावीळ झालेले छोटेलालजी खाटेवर उभे राहिले आणि मैदानाबाहेर जमलेल्या सगळ्या गावासमोर त्यांनी आपली ऑफर मोठ्याने सांगितली. ती खुमेंद्रनेही ऐकली, आणि विकलेला गोल मला नको असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. आता मी ते वाक्य बोललो तर ते पैशाचं ठरतं. तेव्हा समधीजी, मेहुण्याला तुम्ही फोन करा आणि ऑफर मागे घ्यायला लावा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणजे मला जे पोराला फुकट द्यायचं आहे ते देता येईल, आणि खुंट्या काढून मीच तुमच्याकडे वरात घेऊन येईन. ऑफर अशी होती की मी पंच म्हणून एकदाच ‘गोल होता’ म्हणावं, आणि त्याबद्दल रोख एक लाख एक्कावन्न हजार रुपये घ्यावेत. मी नाही म्हटलं.